मागची बाजू

खंडेनवमीला आमच्या पलंगाखालची पेटी बाहेर निघते. पेटी सागाची, दीड-दोन हात लांब, कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या. एका बाजूची कडी तुटली आहे, त्यामुळे ती उचलता येत नाही, ओढावी लागते. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या फरशीवर दरवर्षी एक नवा ओरखडा उठतो आणि बायको दरवर्षी तेच बोलते. झाकण उघडलं की आधी खोबरेल तेलाचा वास येतो. कोकणात लोखंडाला गंज धरायला एक पावसाळा पुरतो, म्हणून हत्याराला तेलाचं बोट लावूनच ठेवायचं, ही आबांची शिस्त. आबा म्हणजे माझे आजोबा. ते जाऊन तीस वर्षं झाली, पण तेलाचं बोट चुकलेलं नाही.

पाटावर एकेक मांडायचं. वाकस, दोन रंधे, करवत, पाच पटाश्या, गिरमिट, गुण्या, तिकोनी कानस. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नाही, असा नेम. आमच्या घरात तो पाळणं अगदी सोपं आहे. वर्षातले उरलेले ३६४ दिवसही आम्ही तो पाळतो. माझे वडील कारकून झाले, मी मास्तर. घराण्यातले शेवटचे सुतार आबा.

रत्नागिरीच्या घरी आबा असताना पूजा झाली की गोष्ट व्हायची आणि ती ठरलेली असायची. "तुझ्या पणज्यानं थिबा राजाचा पलंग केला." मी पाच-सहा वर्षांचा असताना तो साधा पलंग होता. पुढे त्याच्या खुरांना वाघाचे पंजे आले. मी चौथीत गेलो तोवर उशाकडच्या फळीवर दोन मोर फुटले होते, कारण ब्रह्मदेशाच्या राजाची खूण मोराची, हे आबांना कुणीतरी सांगितलं होतं. माझ्या मुंजीच्या वर्षी राजाने स्वतः पलंगावर हात फिरवला आणि पणजोबांना रुपया दिला. तो रुपया कुठे आहे, असं विचारल्यावर आबा म्हणाले, "भाताला गेला."

थिबाची गोष्ट रत्नागिरीत प्रत्येक घराची वेगळी असते. आमची लाकडापासून सुरू व्हायची. "एका ओंडक्यापायी राजाचं राज्य गेलं," आबा म्हणत. मला ही त्यांची सुतारी अतिशयोक्ती वाटे. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, की या एका वाक्यात त्यांनी फारसं वाढवलं नव्हतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ साली मुंबईत उभी राहिलेली कंपनी. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांचे मक्ते घ्यायचे, ओंडके नदीतून खाली सोडायचे आणि जहाजात भरायचे, हा तिचा धंदा. ओंडके नेते जास्त आणि सांगते कमी, असा आरोप ठेवून १८८५ च्या ऑगस्टात मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना तिथे फ्रेंचांचं वजन वाढण्याची धास्ती होतीच. दंडाचं निमित्त मिळालं. नोव्हेंबरात आगबोटी इरावतीतून वर निघाल्या आणि पंधरवड्यात मंडाले पडलं. सत्तावीस वर्षांच्या आतल्या राजाला राणीसह आधी मद्रासला नेलं आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. समुद्र समोर, पण सुटका नाही. त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधून झाला तो १९१० साली. त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात तिथेच गेला.

राजवाड्याचा साग बर्माचाच, असं आबा ठासून सांगत. "ज्या लाकडापायी राज्य गेलं, त्याच लाकडाच्या खिडकीत बसून राजा समुद्र बघायचा." या वाक्यानंतर ते थोडं थांबत. कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळे.

पेटीतलं सगळ्यात जुनं हत्यार वाकस. ते पणजोबांच्या वडिलांचं. गावातल्या लोहाराने घडवलेलं. अंग मऊ लोखंडाचं, तोंडाला तेवढा पोलादाचा तुकडा तापवून, ठोकून जोडलेला. पोलाद महाग, म्हणून जिथे कापायचं तिथेच घालायचं. मग त्याला पाणी द्यायचं, म्हणजे लालबुंद करून पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा हलकं तापवत न्यायचं. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की थांबायचं. रंग पुढे निळ्यावर गेला तर धार मऊ पडते, अलीकडे राहिला तर तिचे तुकडे उडतात. लोहाराकडे घड्याळ नव्हतं की थर्मामीटर नव्हता. रंग बघायचा आणि हात खाली न्यायचा.

या वाकसाने आमच्या खापरपणजोबांनी नांगर तासले, जू तासलं, दारांच्या चौकटी केल्या, पाळणे केले आणि तिरड्याही बांधल्या असतील. त्याचे पैसे नव्हते. बलुतं होतं. कापणी झाली की खळ्यावर जायचं आणि भात घेऊन यायचं. कुणाच्या घरी किती काम केलं याचा हिशेब नाही आणि भात कमी मिळालं तर तक्रारीला जागा नाही. आत्र्यांनी 'गावगाडा' लिहून ही सगळी व्यवस्था नोंदवून ठेवली, ते पुस्तक १९१५ सालचं. मला गंमत वाटते ती वर्षांची. गावगाडा कागदावर उतरत होता तेव्हा आमच्या घरातला एक माणूस गाड्यावरून उतरून रोख मजुरीवर टेकडी चढून आला होता.

पेटी उघडली की भाषाही बाहेर येतात. वाकस आणि पटाशी आपल्या मातीतले शब्द. रंधा फारसीतून आलेला. गिरमिट इंग्रजी 'गिम्लेट'चं आमच्या तोंडात बसलेलं रूप. कपाटाला लावायची चावी पोर्तुगीजांची. आणि खुद्द कपाट संस्कृत, पण संस्कृतात त्याचा अर्थ नुसतं दार. दारामागचं सगळं लाकूडकाम मराठीने पुढे जोडून घेतलं.

आबा मुंबईला गेले ते बोटीने. भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा डोक्यावर हीच पेटी होती. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या एका कारखान्यात सुतार म्हणून लागले. तेव्हा डब्याचं आतलं काम लाकडाचं असायचं. बाकं, खिडक्यांच्या झडपा, वरच्या फळ्या, सगळा साग. पहिल्या दिवसाची गोष्ट ते स्वतःच हसत सांगायचे. समोर कमरेएवढ्या उंचीचं काम करायचं टेबल, त्याला लोखंडी शेगडा. आबांना वाटलं, हा बसायला कट्टा दिलाय. ते चढून त्यावर मांडी घालून बसले, फळी पायाच्या अंगठ्याने दाबली आणि करवत चालवायला घेतली. मुकादम धावत आला. "खाली उतर! गणपती आहेस काय?"

मग उभ्याने काम शिकले. त्याहून अवघड होती करवत. आपल्याकडची करवत ओढताना कापते, तिचे दात मुठीकडे झुकलेले. इंग्रजी करवत ढकलताना कापते. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्यात सगळं शरीर आहे. ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते पातळ असलं तरी चालतं आणि जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून माणूस करवत स्वतःकडे घेतो. ढकलताना पातळ पातं वाकेल, म्हणून ते जाड हवं, मागे खांदा हवा आणि लाकूड धरायला शेगडा हवा. आबांचा उजवा खांदा पहिले दोन महिने रात्री उशीवर टेकत नसे. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला हातात पडे. त्यांच्या वडिलांनी खळ्यावर उभं राहून भात मोजून घेतलेलं त्यांनी पाहिलं होतं. खांदा दुखला तर दुखला, असं ते म्हणत.

पाचांतली एक पटाशी त्या दिवसांतली. चोरबाजारात घेतलेली. दांड्याजवळ 'मार्पल्स' आणि 'शेफिल्ड' ही अक्षरं अजून वाचता येतात. शेफिल्डच्या पोलादाचं नाव झालं ते बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीमुळे. १७४० च्या दशकात त्याने मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, कारण त्याला घड्याळाच्या स्प्रिंगेसाठी एकजीव पोलाद हवं होतं. आबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना एवढं ठाऊक होतं, की ही पटाशी निसण्यावर एकदा पाजवली की दिवस काढते आणि बाजारातली दुसरी दुपारी जेवणाआधीच रडते.

आबांच्या धारेचं आवर्तन मला पाठ आहे. निसण्यावर दोन थेंब तेल. पटाशीची तिरपी बाजू दगडावर अशी टेकवायची की तिच्याखालून उजेड जाता कामा नये. मग पुढे-मागे, पुढे-मागे, मनगट न हलवता. पलीकडच्या सपाट बाजूला बोट लावलं की धारेवर तारेसारखी बारीक किनार लागते. ती लागली म्हणजे पोलाद दगडापर्यंत पोचलं. मग सपाट बाजू एकदाच हलकी फिरवून ती किनार पाडायची. शेवटी हातावरचे केस उडतात का बघायचं. आबांच्या डाव्या मनगटावर केस नव्हतेच.

नवी असताना या पटाशीचं पातं सहा इंचांच्या आसपास असणार. परवा मी मोजलं. पावणेतीन इंच आणि वर एक सूत भरलं. आबांच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १९५६ च्या कायद्याने मीटर आला, पण सुतारांनी सूत सोडलं नाही. उरलेलं तीन इंच पोलाद कुठे गेलं? निसण्यावर, तेलाच्या काळ्या चिखलात. धार काढायची म्हणजे पोलाद द्यायचंच. न झिजणारं हत्यार हे न वापरलेलं हत्यार.

आबांच्या सुतारकीचा शेवट कुणी केला असं विचाराल तर नाव एकाचं घेता येणार नाही. १९५५ साली पेरांबूरला पूर्ण पोलादी डब्यांचा कारखाना सुरू झाला आणि लाकडी डब्यांचे दिवस भरले. १९५९ साली फेविकॉल आला. त्याआधी सरस असायचा. जनावरांच्या हाडाकातड्याचा, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून कढवायचा, आणि वास असा की आजी भांडी वेगळी ठेवायला लावायची. आबांना फेविकॉलचा राग नव्हता. तो त्यांना आवडायचाच. राग होता तो त्याच्या भरवशावर कूस न पाडणाऱ्यांचा. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कूस, आणि दोन्ही एकमेकांत अशी बसली पाहिजेत की हाताने दाबली तर जाऊ नयेत आणि हातोडीने मारली तर फुटू नयेत. "चिकटवलेलं लाकूड शेजारी असतं," ते म्हणत, "कूस घातलेलं सोयरं होतं." मग प्लायवूड आलं, सनमायका आला, आणि कूस पाडायला जागाच उरली नाही. निवृत्त होऊन आबा गावी परतले आणि पाट, देव्हारे करत राहिले. वडिलांनी परीक्षा देऊन टेबलामागची खुर्ची मिळवली. टेबल सरकारी होतं. पहिल्या दिवशी वडिलांनी त्याचा पाय हलवून पाहिला आणि घरी येऊन आबांना सांगितलं, "कूस ढिली आहे." एवढीच त्यांची सुतारकी.

आबा गेल्यावर त्यांची बहीण आमच्याकडे महिनाभर येऊन राहिली होती. वडिलांची आत्या, पण आम्ही सगळेच तिला आत्या म्हणत असू. खंडेनवमी होती, पेटी उघडी होती आणि आबांच्या मागे पलंगाची गोष्ट मी सांगायला घेतली. मोरांपर्यंत आलो तेव्हा आत्या पदर तोंडावर धरून हसायला लागली.

"कसला पलंग रे? बाबा तेव्हा केवढेसे! ते प्लेगच्या सालातले. आजी सांगायची, मुंबैत प्लेग आला आणि चाकरमानी गावाला पळून आले, त्या वर्षीचं बाळंतपण."

मुंबईत प्लेग आला १८९६ च्या पावसाळ्याअखेर. राजवाडा पुरा झाला १९१० साली. बोटांवर मोजलं. काम चालू होतं तेव्हा पणजोबा बारा-तेरा वर्षांचे. राजाचा पलंग बारा वर्षांच्या पोराकडे कोण देतो?

मला राग आला, खरं सांगायचं तर. आबांचा आला. इतकी वर्षं त्यांनी मला खोट्या मोरांवर झुलवलं होतं. नंतर वाटलं, आबांनी गोष्ट पाजवली. दरवर्षी थोडी. धार आली आणि तेवढं खरं झिजून गेलं. दांड्याजवळची अक्षरं वाचता येण्याइतकं काय ते उरलं, थिबा आणि पणजोबा. त्यानंतर मी ती गोष्ट माझ्या मुलांना सांगितली नाही. पेटी उघडायची, फुलं वाहायची, पेटी बंद.

तीनेक वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या न्हाणीघराचं दार फुगलं. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवायला एक पोरगा आला होता, राजस्थानातला, बावीस-तेवीसचा. त्याच्याकडे सगळी विजेवरची हत्यारं. दार त्याने बिजागरीतून काढलं, यंत्राने कड तासली, पण वरच्या कोपऱ्याजवळ खिळा होता आणि तिथे यंत्र लावायला तो तयार नव्हता. "अंकल, हाथवाला रंदा होता तो..." असं तो आपल्याशीच पुटपुटला. मी पेटी ओढली. खंडेनवमी नव्हती.

त्याने आबांचा मोठा रंधा उचलला आणि आधी उलटा करून डोळ्याशी धरला, बंदूक धरावी तसा. तळातून पातं किती डोकावतं ते पाहिलं. मागच्या टोकावर हातोडीने एक हलकी टिचकी दिली, पाचर सैल झाली. पात्याच्या डोक्यावर एक टिचकी, पातं केसभर पुढे. पाचर दाबली. पुन्हा डोळा. मग दार जमिनीवर आडवं घातलं, स्वतः खाली बसला, आणि काही विचार न करता दाराची कड पायाच्या अंगठ्याने दाबून धरली. मी त्या अंगठ्याकडे बघत राहिलो. मुकादमाने कट्ट्यावरून खाली उतरवलेला माणूस माझ्या घरात बसला होता. रंध्याखालून सागाची कुरळी साल निघाली, पातळ, पलीकडचं दिसेल अशी, आणि घरभर तो वास.

काम झाल्यावर त्याने पेटीत डोकावलं आणि धाकटा रंधा उचलला. तो इतका लहान की माझी चार बोटंही त्यावर नीट मावत नाहीत. आमच्यात समज होता की तो नाजूक कामाचा, नक्षीच्या कडांचा. पोरगा हसला.

"ये तो बच्चे का है. मेरे पास भी था. दादा ने बनाके दिया था."

"बच्चे से क्या काम करवाते हैं?"

"पीछे का. अलमारी के पीछे का, दरवाज़े के अंदर का. जो दिखता नहीं. बिगड़े तो भी कोई बात नहीं, और हाथ बैठ जाता है."

जे दिसत नाही ते. तो गेल्यावर मी धाकटा रंधा बराच वेळ हातात घेऊन बसलो. शिसवीचा. पुढच्या टोकाला डाव्या अंगठ्याने झिजवलेला खळगा आहे, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.

त्या हिवाळ्यात रत्नागिरीला गेलो. राजवाडा आता सरकारी संग्रहालय. जांभ्या-विटांचं अंग, उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या. शाळेची एक सहल आली होती आणि पोरं राजाच्या खोल्यांतून धावत होती. मी वरच्या मजल्यावर समुद्राकडच्या खिडकीशी थांबलो. पुढून काम देखणं आहे, कोरीव, ते करणारा हात पोक्त होता. मी हात झडपेच्या मागे घातला, चौकटीकडे जी बाजू वळते तिकडे. तिथे रंगाखाली लाकूड सपाट नव्हतं. बोटांना बारीक लाटा लागल्या, उथळ, एकापुढे एक. रंधा सरळ ठेवता येत नसेल, एका बाजूला कलत असेल, तर अशा लाटा राहतात. एका ठिकाणी पातं रुतून छोटी ढलपी निघाली होती आणि पुढे लगेच हात हलका झाला होता.

त्या कामावर पोरं कितीतरी असतील, आणि एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नसणार. माझी बोटं मात्र त्या ढलपीच्या खड्ड्यावरून मागे आली आणि पुन्हा तिथेच गेली.

"ओ काका," मागून पहारेकरी म्हणाला, "हात लावायचा नाय."

मी हात काढला. बोटांना धूळ लागली होती. ती मी पुसली नाही.